मात्रा धरणारा केरबा

केरबा शिंगे या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, पण आधीच सांगून ठेवतो, त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. हे आजकालचं नाही, बरीच वर्षं दुखतंय. तेव्हा मी जे सांगेन त्यात अधूनमधून कुसळं लागतील. ती तुमची तुम्ही बाजूला काढा.

मी विजयसिंह. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात पीटीचा सर. राज्य पातळीवरच्या योगासन स्पर्धांत मला चार सुवर्णपदकं आहेत. ती हॉलमधल्या काचेच्या कपाटात आहेत, आणि घरी पाहुणा आला की माझी बायको वर्षाराणी त्याला खुर्ची बरोबर त्या कपाटासमोर देते. रंकाळ्यावर रोज सकाळी माझा स्वतःचा वर्ग चालतो, साठेक माणसं असतात. योगदिनाला चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर मी मयूरासनात असतो, दोन तळव्यांवर अख्खं शरीर आडवं तोललेलं आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू टिकवायला मला दोन वर्षं लागली होती.

आणि केरबा? शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम करून निवृत्त झालेला बासष्ट वर्षांचा गडी. बुटका, मान खांद्यांत रुतलेली, एक खांदा वर आणि एक खाली. हातांवर भाजल्याचे पांढरट डाग. नऊ वर्षं योग करतोय, पण अजून त्याचा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचलेला नाही. पद्मासन तर सोडाच, साधी मांडी घातली तरी डावा गुडघा वरच राहतो आणि त्याखाली टॉवेलची घडी ठेवावी लागते. वर्गातले सगळे त्याला केरबाकाका म्हणतात. माझ्या तोंडून ते ‘काका’ कधी निघत नाही.

आता वर्गाचं सांगतो. पेठेतल्या एका जुन्या तालमीच्या माडीवर आमचे आण्णा पहाटे पाचला हठयोग शिकवतात. आण्णा म्हणजे गणपतराव, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय चौऱ्याऐंशी. वर्गाला फी नाही, बोर्ड नाही, सर्टिफिकेट नाही. माणसं पंधरा-वीसच. मी तिथं अठरा वर्षं जातोय. पदकं मिळाली ती नंतर आणि वेगळ्या ठिकाणी. आण्णांना पहिलं पदक दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, “विजू, आसन कशासाठी असतंय? बूड हलू नये म्हणून. बूड थांबलं की पुढं श्वास, श्वास निवला की पुढं मन. तुमी समदे लोक बुडातच अडकलाय की.”

मी हसलो. आण्णा सगळ्यांनाच असं फाडकन बोलतात, त्यामुळे मला ते लागलं नाही. लागायला हवं होतं.

केरबा आला तो कंपनीची खाकी पँट घालून. पाठीचं दुखणं आणि भट्टीच्या धुरानं खरवडलेली छाती, दोन्ही घेऊन आला. आण्णांनी त्याला आधी माझ्याकडे सोपवलं. मी त्याला पुढं वाकायला सांगितलं. तो वाकला, म्हणजे वाकायच्या बेतानं त्यानं श्वास सोडला, बाकी शरीर होतं तिथंच राहिलं. आठवडाभरानं मी आण्णांना म्हणालो, हा माणूस काही वळायचा नाही. आण्णा म्हणाले, बरं, मग त्याला आत्ता वळवू नको, माझ्याकडं दे.

आण्णांनी त्याला आसनं सोडायलाच लावली. महिन्याला एक यम. पहिला महिना अस्तेय, म्हणजे चोरी न करणं. आम्ही सगळे या वाटेनं गेलेलो, आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. कोण कुठं चोरी करतं? महिना संपला, पुढचा यम. केरबानं मात्र घरी जाऊन फळीवर बघितलं. तिथं कंपनीचे हातमोजे होते चार जोड, कंपनीच्या साबणाच्या वड्या होत्या, पुसायच्या कापडाची एक पिशवी होती. फाउंड्रीत ते सगळेच घरी आणतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. केरबानं ते सगळं पिशवीत भरलं आणि स्टोअरकीपरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. अख्खी शिफ्ट हसली. “केरबा, येडा झालास काय?” तो म्हणाला, “म्हैना चोरी न करायचा हाय.”

पुढचा महिना सत्याचा. माझ्या सत्याच्या महिन्यात मी एक निबंध लिहिला होता आणि आण्णांनी तो वर्गात वाचूनही दाखवला होता. केरबानं काय केलं? पंपाच्या एका ओतकामात हवेची पोकळी राहून भोक पडलं होतं. ते लुकण भरून बुजवायचं आणि रंग मारून पुढं ढकलायचं, असा रिवाज होता. त्यानं स्वतः बुजवलं होतं. तपासणीवाला आल्यावर यानं होऊन बोट दाखवलं, “हितं भोक हाय, मीच बुजवलंय.” त्याला भट्टीवरून काढून दोन महिने वाळू चाळायला बसवलं. वर्गात हे त्यानं कसं सांगितलं, तर आज एसटी उशिरा आली असं सांगतात तसं. सांगून टॉवेलची घडी नीट केली आणि डोळे मिटले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस माझ्या मुळावर येणार. मी उलट त्या दिवशी घरी जाऊन वर्षाराणीला हसत हसत सांगितलं, आमच्या वर्गात एक भोळा सांब आलाय. ती हसली नाही. म्हणाली, “त्यांना एकदा जेवायला बोलवा की.” मी बोलावलं नाही.

जेवणाचं निघालं म्हणून सांगतो. मिताहार म्हणजे अर्धं पोट अन्न, पाव पोट पाणी आणि पाव मोकळं. कोल्हापुरात हे पाळणं म्हणजे घरादाराशी वैर. आण्णांच्या नातवाच्या बारशाला पंगत बसली, तांबडा-पांढरा होता. मी चार वेळा रस्सा घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मिताहारावर बोललो. केरबा दीड भाकरीवर उठला. वाढपी ताटावर आडवा झाला, “काका, आजारी हाय काय?” केरबा म्हणाला, “न्हाई रं बाबा, पोट झालं.” तोंडावर त्यागबिग काही नव्हता. पोट खरंच झालेलं होतं. त्यागाचा आव असता तर मला बरं वाटलं असतं.

आता ज्या गोष्टीपायी हे सगळं घडलं ती सांगतो. आमच्या वर्गात प्राणायामाची मोजणी घड्याळावर होत नाही. एक माणूस पुढं बसतो. तो उजवा हात आपल्या गुडघ्याभोवती एकदा फिरवतो आणि चुटकी वाजवतो, ती एक मात्रा. चार मात्रा श्वास घ्यायचा, बारा मात्रा आत धरायचा, आठ मात्रांत सोडायचा. सगळ्या वर्गाचा श्वास त्या एका चुटकीवर चालतो. याला आम्ही ‘मात्रा धरणं’ म्हणतो. ती आण्णा धरत. त्यांच्या गुरूंनी ती त्यांना दिली होती. गेल्या दोन वर्षांत आण्णांचा हात कापायला लागला, गुडघ्याभोवती फिरताना मध्येच अडखळायला लागला, आणि वर्गात सगळ्यांना कळलं की यंदा गुरुपौर्णिमेला आण्णा मात्रा कुणालातरी देणार.

कुणाला, हा प्रश्नच नव्हता. निदान मला नव्हता. अठरा वर्षं मीच होतो. मी घरी आरशासमोर चुटकीचा सराव केला. माझी चुटकी खणखणीत वाजते, माडीवरून खाली तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यापर्यंत ऐकू जाईल अशी. लोकरीचं नवं आसनही आणून ठेवलं होतं.

गुरुपौर्णिमेला आण्णा पुढच्या जागेवरून उठले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “केरबा, फुडं ये.”

तो आला. टॉवेलची घडी बरोबर घेऊन आला. वर राहिलेल्या डाव्या गुडघ्याखाली ती ठेवली, उजव्या गुडघ्याभोवती हात फिरवला आणि चुटकी वाजवली. म्हणजे वाजलीच नाही. भाजून भाजून त्याच्या बोटांची कातडी इतकी जाड झाली आहे की चुटकी वाजत नाही, बोटावर बोट घासल्याचा नुसता खरखर आवाज होतो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मनात म्हटलं, झालं, ऐकूच येणार नाही, आता सगळं विस्कटणार.

विस्कटलं नाही. ती चुटकी ऐकायची म्हणून सगळ्यांनी आपापला आवाज काढून टाकला. कोणी खाकरेना, कोणी मांडी बदलेना. खालच्या तालमीत जोर मारणाऱ्या पोरांचे हुंकार, गल्लीतल्या दूधवाल्याची सायकल, हे सगळं हळूहळू कुठंतरी लांब गेलं. पंधरा माणसं कान देऊन बसली होती आणि कान देता देता आत गेली. आण्णा प्रत्याहार प्रत्याहार म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते, बाहेर धावणाऱ्या इंद्रियांना आत वळवायचं. मी तो फळ्यावर आकृती काढून शिकवलाय. त्या दिवशी अख्ख्या माडीवर फक्त माझीच इंद्रियं बाहेर होती, केरबाच्या हातावर खिळलेली.

वर्ग सुटल्यावर मी आण्णांना गाठलं. सरळ विचारलं, “मी का नाही?”

“तू मात्रा धरलीस तर लोक तुझ्याकडं बघत बसतील,” आण्णा म्हणाले. “त्यानं धरली की डोळं मिटत्यात. मला दुसरं काय बघायचं न्हाई.”

अंगाची लाही लाही झाली. लोकरीचं आसन मी माळ्यावर टाकलं. पण वर्ग सोडला नाही. सोडला असता तर लोक म्हणाले असते, सर रुसले.

मी रोज जात राहिलो आणि मांडीवर मोबाईल उपडा ठेवून स्टॉपवॉचवर त्याच्या मात्रा मोजत राहिलो. तीस वर्षं लोखंड ओतणाऱ्याचा हात कुठंतरी चुकणारच, मला फक्त पुरावा हवा होता. पंधरा दिवस मोजलं. पहिली मात्रा आणि शेवटची मात्रा, सोमवारची आणि शनिवारची, फरक नाही. शेवटी न राहवून मी त्यालाच विचारलं, हे जमतं कसं.

तो म्हणाला, “सर, ओताय लागलं की धार तुटू द्यायची न्हाई. तुटली तर आतनं सांधा ऱ्हातोय, वरनं दिसत बी न्हाई. हात एकसारखा चालला पायजे, आन् हात कवा चालतोय? श्वास चालला तर. धुरात खोकला आला तरी धार तुटू द्यायची न्हाई. तीस वर्सं त्येच केलं की.” मग म्हणाला, “आण्णांनी सांगितलं तवा कळलं, ह्येला काय तरी नाव हाय.”

म्हणजे मी जे शिबिरांतून, फिया भरून शिकलो, ते याला पगार देऊन शिकवलं गेलं होतं. आता सांगा, पोटात दुखणार नाही?

आमच्या वर्गात आणखी एक पद्धत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वमन असतं. उपाशीपोटी कोमट मिठाचं पाणी पोट तुडुंब होईपर्यंत प्यायचं, तालमीच्या मागच्या मोरीवर वाकायचं, पडजिभेला बोट लावायचं आणि सगळं काढून टाकायचं. पोट साफ झालं की एकेकानं मात्रा धरणाऱ्यासमोर जाऊन बसायचं आणि मनात अडकलेली एक गोष्ट सांगायची. तो उपदेश करत नाही, फक्त ऐकतो. आण्णा म्हणत, पाणी काढायला ही क्रियाबिया कशाला, बोट कुणालाही घालता येतं. पाणी निघालं की पाठोपाठ दुसरं निघायला पाहिजे, तेव्हा ती शुद्धी. मी अठरा वर्षं आण्णांसमोर बसून काय काय सांगितलं, तर चहा दोनदा घेतला, सकाळी उठायला आळस केला, पोरांवर ओरडलो. नीटनेटकी, इस्त्रीची पापं. आण्णा मान हलवत.

आता ऐकायला केरबा बसणार होता. त्याच्यासमोर बसून मी काय सांगणार? पहिल्या रविवारी मी शाळेचं निमित्त काढलं. दुसऱ्या महिन्यात सर्दीचं.

मग तिसऱ्या महिन्यात एक संधी आली. केरबाची लेक मनाली गडहिंग्लजला दिलेली, ती बाळंत झाली. केरबा आणि त्याची बायको तानूबाई तिकडे गेले, चार दिवसांसाठी. आण्णा म्हणाले, “विजू, तवर तू धर.”

पहिले दोन दिवस मी नीट धरली. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की केरबा आल्यावर वर्गाला फरक जाणवला पाहिजे. त्यानं बारावर ठेवलंय, मी चोवीसवर नेलं तर? मी चुटकीही लांबवली. खणखणीत चुटकी, एकेक सावकाश. वीस झाल्या. बावीस. समोर माणसं लालबुंद होत होती आणि मला ते दिसत होतं, मी खोटं का बोलू. मला वाटत होतं, बघा, मी तुम्हाला कुठं नेतोय. तेविसाव्या चुटकीला स्नेहल कोसळली. बँकेत काम करणारी पोरगी, वर्गात येऊन जेमतेम पाच महिने झालेले. श्वास सोडायला लाजली, कारण शेजारचं कोणी सोडत नव्हतं. तिचं डोकं शेजारणीच्या मांडीवर आपटलं म्हणून वाचलं, नाहीतर फरशी होती.

दोन मिनिटांत ती शुद्धीवर आली, पाणी प्याली, उठून बसली. आण्णा भिंतीपासून उठून आले. आजवर त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. “किती मात्रा धरलीस?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “चोवीस. केरबा जाताना सांगून गेलेत, आता वाढवा म्हणून.”

कसं निघालं तोंडातून, ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे. इतक्या सहज निघालं की मला स्वतःलाही क्षणभर ते खरं वाटलं. आण्णा परत भिंतीला जाऊन टेकले.

दोन दिवसांनी केरबा आला. नातू झाल्याचे पेढे आणले होते. वर्ग सुरू व्हायच्या आधी आण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, “केरबा, मात्रा वाढवायला तू सांगितलं हुतंस?”

मला वाटलं, हा आता मला सांभाळून घेईल. मोठ्या मनाचा माणूस, घेईलच. आणि खरं सांगतो, त्यानं तसं केलं असतं तर मी त्याचा जन्मभर तिरस्कार केला असता.

“न्हाई,” केरबा म्हणाला. “मी काय बोललो न्हाई.”

एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. माझं नाव घेतलं नाही, मला खोटं म्हणाला नाही, आणि झाकलंही नाही. टॉवेलची घडी ठेवली आणि हात गुडघ्याकडे नेला. पंधरा माणसांनी मात्र एकदा माझ्याकडे बघून घेतलं आणि मग डोळे मिटले. स्नेहल दारापाशी बसली होती. ती अजून तिथंच बसते.

मी घरी गेलो. वर्षाराणीनं विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो. रंकाळ्यावरच्या वर्गात मयूरासन करायला गेलो तर तोल गेला आणि हनुवटीवर आपटलो. साठ माणसांसमोर. एकानं मोबाईलवर घेतलंही ते.

पुढच्या आठवड्यात पहिला रविवार होता. आण्णांचा आदल्या दिवशी फोन आला. फक्त म्हणाले, “उद्या उपाशी ये.”

गेलो. मोरीवर ओळ लागली होती. एकेक जण प्यायचा, वाकायचा, मोकळा व्हायचा. माझी पाळी आली. मी सहा तांबे पाणी प्यालो, पोट नगारा झालं, वाकलो, बोट घातलं. काही नाही. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुन्हा घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, पोटातून एक थेंब नाही. मागची माणसं आत निघून गेली. मी मोरीच्या कठड्याला धरून वाकलेला, आणि पाठीवर एक हात पडला. खरखरीत हात, ओळखायला वळून बघावं लागलं नाही.

“धरून ठिवू नका, सर,” केरबा म्हणाला.

“येत नाहीये,” मी म्हणालो.

“मग आदी तोंडातनं दुसरं काढा. पाणी येतंय मागनं.”

मी खाली मोरीकडे बघत म्हणालो, “मी तुमच्यावर जळतो.” आवाज माझा वाटत नव्हता. “तुम्ही आलात तेव्हापासून जळतो. मोजे परत केलेत तेव्हा जळलो, दीड भाकरीवर उठलात तेव्हा जळलो. तुमच्या न वाजणाऱ्या चुटकीवर जळतो. ती पोरगी माझ्यामुळं पडली, आणि मी तुमचं नाव सांगितलं. तुमची जागा मला पाहिजे होती. अजून पाहिजे.”

पाठीवरचा हात तिथंच होता.

“ठावं हाय,” तो म्हणाला. “मी बी जळतोय तुमच्यावर.”

मी वळून बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

“तुमचं त्ये मोराचं आसन. घरात कडी लावून करून बघतोय मी. दोनदा तोंडावर पडलोय, दात हलला ह्यो बगा. तानू म्हनती, ह्या वयात काय ह्ये. पयल्या वर्सापासनं आण्णांस्नी सांगतोय, इजूसरांच्या अंगाव जळतोय म्हनून. दर म्हैन्याला त्योच इषय. शेवटी आण्णा वैतागलं, म्हनलं, केरबा, आता दुसरं काय तरी आण की.”

“मग गेलं का ते?”

“कुटलं जातंय! फ्लेक्स दिसला की अजून चावतंय. पर आता मला ठावं असतंय की त्ये चावायलंय.”

मी अठरा वर्षं आण्णांपुढं चहाचे कप मोजत बसलो होतो, आणि हा माणूस त्याच सतरंजीवर बसून दर महिन्याला माझ्याबद्दलची जळजळ काढून ठेवत होता. त्याच जळजळीसकट आण्णांनी त्याला पुढं बसवलं होतं. म्हणजे जळण्यातसुद्धा हा माझ्यापुढं निघाला. त्याच क्षणी पोटातून कळ आली आणि सगळं पाणी बाहेर पडलं, भडाभडा, अंगावर, मोरीवर, केरबाच्या पायांवर. त्यानं पाय मागं घेतले नाहीत.

मी तोंड पुसलं. सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, “झालं.”

केरबानं मोरीत बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. तांब्या पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला.

“न्हाई झालं, सर,” तो म्हणाला. “अजून हाय. प्या.”